एकवीस की एकोणतीस?

मंडळी, मागच्या वेळी आपण मोबाइलवर फोटो कसे कापायचे-छाटायचे ते पाहिलं. त्यावर मजकूर कसा टाकायचा ते या वेळी सांगेन, असं म्हटलं होतं. सांगते. पण आधी माझीच एक चूक ऐका.

बाबांना जाऊन वर्ष झालं, तेव्हाची गोष्ट. श्राद्ध तिथीप्रमाणे घरातल्या घरात झालं आणि नातेवाइकांसाठी एक वेगळा छोटा कार्यक्रम ठेवायचा ठरला. बाबांच्या आवडीची भजनं, चार आठवणी, जेवण. सगळ्यांना सोयीचा म्हणून रविवार धरला, २१ जानेवारी. आम्ही इंदूरला आणि बाबांची धाकटी बहीण, माझी आत्या, सोलापूरला. वय अठ्ठ्याहत्तर. निमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं होतं आणि ते करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण गेली वीस वर्षं मी डीटीपी करते. लग्नपत्रिका, स्मरणिका, बिलबुकं, काय म्हणाल ते. रात्री बसून मी बाबांच्या फोटोवर एका वळणदार फॉन्टमध्ये मजकूर टाकला. आत्याला फोन करून सांगितलं, "निमंत्रण पाठवलंय गं, नक्की ये."

एकवीस तारखेला सगळं पार पडलं. आत्या आली नाही. तब्येत बरी नसेल, सवडीनं विचारू, असं म्हणून आम्ही आवराआवर करत होतो, तेवढ्यात तिचाच फोन आला. "काय गं, तयारी कुठवर आली? मी सत्तावीसला निघतेय. नातवानं तिकीट काढलंय."

त्या फॉन्टमधल्या १ला आत वळलेली एक नाजूक शेपटी होती. खाली बाबांच्या शर्टाच्या रेघा, वर ते पांढरं अक्षर, हाताएवढा पडदा आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे. आत्यानं एकवीसचं एकोणतीस वाचलं. त्यात मी वारही लिहिला नव्हता. 'रविवार' एवढा एक शब्द असता, तरी ती अडखळली असती आणि तिनं फोन करून विचारलं असतं.

ती मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तर आजचा विषय हा. इंग्रजीत याला टायपोग्राफी म्हणतात, आपल्या छापखान्यात अक्षरजुळणी म्हणत. आता छापखाना प्रत्येकाच्या खिशात आलाय. सोसायटीची नोटीस, बारशाचं आमंत्रण, रक्तदान शिबिराचं पोस्टर, घरगुती मसाल्यांचं लेबल, सगळं आपणच करतो. आणि बहुतेक जण मी केली तीच चूक करतात. अक्षर आधी सुंदर दिसलं पाहिजे, असं आपल्याला वाटतं. ते आधी वाचता आलं पाहिजे.

फॉन्ट निवडण्यापासून सुरुवात करू. ढोबळमानानं फॉन्ट दोन प्रकारचे. काही मजकुरासाठी असतात, काही नावासाठी, म्हणजे मथळ्यासाठी. मथळ्याचं अक्षर स्वतःकडे बघायला लावतं आणि ते त्याचं कामच आहे. कमल शेडगे यांनी रेखाटलेली नाटकांची शीर्षकं ज्यांनी वर्तमानपत्रातल्या जाहिरातींत पाहिली असतील, त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. नाटक विनोदी की गंभीर, हे नाव वाचायच्या आधी अक्षराच्या वळणावरून समजायचं. पण त्याच जाहिरातीत खाली प्रयोगाची वेळ आणि नाट्यगृहाचं नाव साध्या, सरळ अक्षरात असायचं. ही वाटणी लक्षात ठेवा. 'मोदक' नावाचा एक फॉन्ट आहे, अगदी नावासारखाच गुबगुबीत. बारशाच्या पत्रिकेवर बाळाचं नाव त्यात घाला, फार गोड दिसेल. पत्ता मात्र त्यात घालू नका.

तारीख, वेळ, पत्ता, फोन नंबर आणि औषधाचं प्रमाण, या गोष्टी शोभेच्या अक्षरात कधीही लिहायच्या नाहीत. इथे मी तडजोड करत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी.

मजकुराचा फॉन्ट चांगला की वाईट, ते ओळखायची माझी एक साधी चाचणी आहे. आधी १ आणि ९ शेजारी-शेजारी लिहा. मग घ आणि ध, भ आणि म, थ आणि य. शेवटी 'खाना' आणि 'रवाना'. आता पडद्यावर ते इतकं लहान करा, जितकं प्रत्यक्षात दिसणार आहे. फोन हातभर लांब धरा. जोड्या वेगळ्या ओळखू आल्या, तर फॉन्ट ठेवा. नाहीतर पुढचा बघा. दोन मिनिटांचं काम आहे. ते मी त्या रात्री केलं नाही.

चांगले फॉन्ट विकतच घ्यावे लागतात असंही नाही. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचा 'मुक्त' फुकट मिळतो आणि बारीक ते जाड अशा सात वजनांत मिळतो. सरकारी कार्यालयांत काम केलेल्यांना 'मंगल' ठाऊकच असेल. विंडोजमधला तो फॉन्ट घडवला र. कृ. जोशी यांनी. ते कवी, सुलेखनकार आणि मुंबईच्या आयआयटीतले शिक्षक. 'मंगल' रोज वापरणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं, कुणास ठाऊक.

आता जागेकडे येऊ. सगळ्यात जास्त गडबड इथे होते.

आपली लिपी एका मजल्यावर राहत नाही. मधे अक्षर. वर मात्रा, वेलांटीचा फराटा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि एखादं उतरतं जोडाक्षर. 'कुटुंबीयांतर्फे' हा एकच शब्द घ्या, त्यात वरचे-खालचे दोन्ही शेजारी हजर आहेत. शिशाच्या खिळ्यांच्या काळात हे कंपोझिटरला हातानं कळायचं. मुंबईकडच्या एका पद्धतीत मराठीची एक ओळ जुळवताना खरं तर तीन ओळी जुळवाव्या लागत. अक्षरांची मधली, मात्रांची वरची आणि उकारांची खालची. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हा राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिरांनी पोलादावर एकेक अक्षर उलटं कोरून त्याचे साचे केले. निर्णयसागरच्या जुन्या पोथ्या आजही डोळ्यांना त्रास न देता वाचता येतात. घरात एखादी असेल तर उघडून बघा. मी तर नव्या मुलींना कामाला घेतलं की आधी तीच हातात देते.

मोबाइलमधली बहुतेक तयार डिझाइनं मुळात इंग्रजीसाठी केलेली असतात. इंग्रजी अक्षराला मजले कमी, म्हणून तिथे ओळी जवळजवळ ठेवल्या तरी चालतं. आपण त्याच चौकटीत मराठी मजकूर चिकटवतो आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. वाचणाऱ्याला कळत नाही की ते टोक कुणाचं. म्हणून ओळींमधलं अंतर वाढवा. ॲपमध्ये त्यासाठी आकडा असतो, तो साधारण १.५वर नेऊन बघा. रफार आणि उकार भरपूर असतील, तर थोडा आणखी वाढवा. आणि मराठी व इंग्रजी शेजारी असतील, तर मराठीचा आकार एक-दोन अंकांनी मोठा ठेवा. तिन्ही मजले तेवढ्याच उंचीत मावायचे असल्यामुळे त्याच आकड्याला आपलं अक्षर बारीक दिसतं.

ओळींमध्ये जागा वाढवायची, अक्षरांमध्ये मात्र नाही. इंग्रजी अक्षरं लांब-लांब ठेवली की उंची घड्याळांच्या जाहिरातीसारखं काहीतरी भारदस्त वाटतं, ते बघून आपल्यालाही मोह होतो. पण आपल्याकडे शिरोरेषा आहे. अक्षरं ओढून लांब केली की ती तुटते आणि 'आमंत्रण'चे चार तुकडे होतात. ओळीत वाळत घातलेल्या रुमालांसारखे. शब्द कुठे संपतो हे डोळ्याला शिरोरेषेवरून कळतं, ती तोडू नका. तो आकडा शून्यावरच राहू द्या.

तसंच दोन्ही कडा सारख्या करायच्या हट्टाचं. पुस्तकाच्या रुंद पानावर ते शोभतं. मोबाइलच्या अरुंद रकान्यात 'महानगरपालिकेच्या' हा एक शब्द आला की अर्धी ओळ भरते आणि उरलेल्या दोन शब्दांमध्ये भगदाड पडतं. मजकूर डावीकडून सरळ लावा, उजवी कड वर-खाली होऊ द्या. दोन-तीन ओळींचं नाव किंवा आशीर्वचन असेल तर मधोमध ठेवा. वीस ओळी मधोमध नकोत.

आणि ओळ तोडताना अर्थ बघा. 'सौ.' एका ओळीच्या टोकाला आणि नाव पुढच्या ओळीत, असं झालं की मला चहात माशी पडल्यासारखं वाटतं. तारीख आणि महिना एकत्र. 'सकाळी' आणि 'दहा' एकत्र. ॲप आपोआप तोडतं तसं सोडू नका. त्याला मराठी कळत नाही, तुम्हाला कळतं.

आता महत्त्वाचं काय, ते ठळक कसं करायचं? इंग्रजीत सगळी अक्षरं मोठ्या लिपीत लिहायची सोय आहे. आपल्याकडे लहान-मोठी लिपीच नाही. तिरप्या अक्षरांचंही तसंच. काही ॲप मराठी अक्षर नुसतं ढकलून तिरपं करतात, ते वाऱ्यानं कललेल्या पाटीसारखं दिसतं. मग उरतं काय? आकार, जाडी आणि भोवतीची मोकळी जागा. या तिघांत सगळं भागतं. फक्त फरक करायचा तर स्पष्ट करा. अठरा आणि वीस या आकारांत कुणाला फरक दिसत नाही, अठरा आणि तीसमध्ये दिसतो. आणि पाच गोष्टी ठळक केल्या, तर एकही ठळक राहत नाही. सोसायटीच्या नोटिशीत 'पाणी येणार नाही', 'मंगळवारी', 'सर्व सभासदांनी', 'नोंद घ्यावी' आणि सेक्रेटरींचं नाव, सगळंच जाड. त्यातलं जाड हवं फक्त 'मंगळवारी पाणी नाही'. सेक्रेटरी रागावतील, पण बादल्या भरलेल्या असतील.

रंगाचं थोडक्यात सांगते. अक्षर आणि त्यामागचा रंग यांत उजेड-अंधाराचा फरक हवा. वेबसाइटसाठी जे जागतिक निकष आहेत, त्यांत साध्या मजकुरासाठी हा फरक किमान ४.५ला १ सांगितलाय. तो मोजून देणारी साधनं इंटरनेटवर फुकट आहेत, पण घरगुती उपाय असा की चित्र काळं-पांढरं करून बघा. तरीही वाचता आलं, तर ठीक. पिवळ्यावर पांढरं आणि लालवर हिरवं लगेच उघडं पडतं. फोटोवर मजकूर टाकायचाच असेल तर आकाश, भिंत अशी शांत जागा शोधा, नाहीतर मजकुराखाली एक सपाट पट्टी घाला. रेघांच्या शर्टावर लिहू नका, हे मी वेगळं सांगायला नको.

आता खास आपल्यासाठी, म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसांसाठी. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, वाराणसी, कुठेही पत्रिका छापायला दिली की समोरच्याकडे देवनागरी फॉन्ट असतात, पण बहुधा हिंदीच्या वळणाचे. लिपी एक असली, तरी वळण एक नाही. आपला शाळेत गिरवलेला ल दोन पाकळ्यांचा, हिंदीतला दांड्याचा. श चं डोकंही दोन्हीकडे वेगळं. अर्थ बदलत नाही हे खरं, पण आजीच्या नावातला ल तिच्या हातच्या ल सारखा दिसावा, असं वाटणं काही चूक नाही. हे ज्यांनी ओळखलं, त्यांनी 'टिरो देवनागरी' हा फॉन्ट हिंदी, मराठी आणि संस्कृतसाठी तीन वेगळ्या रूपांत काढला. तोही फुकट आहे. पत्रिकेच्या साध्या मजकुराला तो फार शोभतो. काही फॉन्टमध्ये मराठी वळण आतच दडलेलं असतं आणि फाइलची भाषा हिंदीऐवजी मराठी निवडली की ते बाहेर येतं.

पण जिथे अर्थच बदलतो, अशी एक जागा आहे. आपला अर्धा र. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' डोंगरातल्या. हिंदीत हा दुसरा र लागत नाही, त्यामुळे तिकडचं टायपिंग तो सरळ रफार करून टाकतं. आमच्याच भागातल्या एका कार्यालयात लग्नाच्या दिवशी दारावर कागद लावला होता : 'आचार्यांसाठी खोली'. मुलाकडचे भटजी सामानासकट आत जाऊन बसले. आत कांदे सोलणं चाललं होतं. खोली आचाऱ्यांची होती. हे लिहिताना मराठी कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ घ्या, मग पाय मोडा, मग य. फॉन्ट चांगला असेल तर तो आपोआप आडवा होऊन बसतो. बसला नाही, तर तो फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही.

छपाईला देताना आणखी एक सावधगिरी. तुमच्या मोबाइलवर नीट दिसणारा मजकूर दुसऱ्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला की पहिली वेलांटी भलत्याच अक्षरामागे जाते, जोडाक्षरांचे पाय मोडून पडतात. म्हणून मजकुराबरोबर त्याचं चित्र किंवा पीडीएफही पाठवा आणि छापण्यापूर्वीचा नमुना स्वतः वाचा. मोठ्यानं वाचा. विशेषतः नावं. दगडावर किंवा पितळी पाटीवर कोरायचं असेल, तर घरातल्या दोघांनी वाचा.

शेजारी दुसरी भाषा असेल तर काय? बंगळुरूला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या घरची पत्रिका मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी तिहेरी होती. तीन लिप्या तीन तऱ्हेच्या दिसल्या की पत्रिका तीन घरांची वाटते. त्यासाठी एकाच हाताचे बहुभाषी फॉन्ट मिळतात. 'मुक्त'ची गुजराती, तमिळ आणि गुरमुखी भावंडं आहेत. 'बलू' नावाचं आणखी एक गोबरं कुटुंब आहे, त्याच्या नावांची तर मजाच आहे. गुजरातीतला तो बलू भाई, बंगालीतला बलू दा, गुरमुखीतला पाजी, मल्याळममधला चेट्टन, कन्नडमधला तम्मा आणि उर्दूतला भाईजान. प्रत्येक लिपीत भावाला जी हाक मारतात, तेच त्याचं नाव. बारसं, वाढदिवस, मुलांची शिबिरं यांना तो झकास. दुखवट्याला नाही.

त्या चुकीनंतर दरवर्षी जानेवारीतला तो कार्यक्रम आम्ही चालू ठेवला आणि निमंत्रण अजून मीच करते. यंदाचं सांगते. वर पाव भागात बाबांचा फोटो, त्यावर एकही अक्षर नाही. खाली पांढरी सपाट जागा, काळा मजकूर, 'मुक्त' फॉन्ट. बाबांचं नाव मोठं आणि जाड. तारीख आकड्यांत, पुढे अक्षरांत आणि त्याच ओळीत वार. ओळी अशा सुट्या की मधून बोट फिरवावं. मुलगी म्हणाली, "आई, किती साधं गं. बिलबुकासारखं दिसतंय." तिला म्हटलं, असू दे.

पाठवल्यावर पाचच मिनिटांत सोलापूरहून फोन. आत्यानं पूर्ण निमंत्रण मला मोठ्यानं वाचून दाखवलं, तारखेसह, वारासह, चष्मा न लावता. मग जरा थांबून म्हणाली, "अक्षर छान आहे गं. दादाचा फोटो मात्र लहान केलास."